पिस्टनच्या मागचं पाणी

मंडळी, आधीच सांगून टाकते. माझी दहावीपर्यंतची शाळा कॉन्व्हेंट, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची धडकी भरते. तरी हा लेख मराठी विभागात देतेय, कारण संपादक मंडळातल्या मैत्रिणीने बजावलं, "पावसावरच्या कविता अकरा आल्यात, तू काहीतरी टेक्निकल दे." टेक्निकल म्हणजे तिला बहुतेक रोबो किंवा एआय हवं असणार. मी देतेय शाईचा पेन.

हसू नका! आमच्या मेकॅनिकलच्या वर्गात सध्या सात जण शाईच्या पेनाने लिहितात. जर्नलं आणि असाइनमेंट अजून हातानेच लिहून द्यावी लागतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री चाळीस पानं बॉलपेनने खरडली की सकाळी बोटं सरळ होत नाहीत. या सातांपैकी चौघांचे पेन पिस्टनवाले आहेत, त्यातही आरपार दिसणारे. दरवर्षी डिसेंबर आला की यांतला कोणीतरी पेन उजेडात धरून माझ्याकडे येतो आणि विचारतो, "पिस्टनच्या मागे पाणी साचलंय. पेन गेला का गं?"

उत्तर एका ओळीत हवं असेल तर हे घ्या: थेंब बिनरंगी असतील तर पेन ठणठणीत आहे, रंगीत असतील तर सील बघावं लागेल. असं का, हे मात्र एका ओळीत मावत नाही. आणि तेच समजून घेण्यासारखं आहे.

कॉम्प्युटर आणि ईएनटीसीवाल्यांसाठी थोडी पूर्वपीठिका. शाईचा पेन भरायच्या रीती बऱ्याच. आपल्या आई-बाबांच्या पिढीने वापरला तो ड्रॉपरचा: पुढचा भाग फिरवून काढायचा, नळीत ड्रॉपरने शाई सोडायची, हाताची बोटं निळी करून घ्यायची. पिस्टनच्या पेनात ड्रॉपर लागत नाही. पेनाची अख्खी नळी म्हणजेच एक सिरिंज. निब दौतीत बुडवा, मागची फिरकी फिरवा, पिस्टन मागे येतो आणि शाई आत ओढली जाते. फिरकी गोल फिरते पण पिस्टन सरळ सरकतो, कसा? वर्कशॉपमधला बेंच व्हाइस आठवा. हँडल गोल फिरतं, जबडा सरळ येतो, कारण जबड्याला फिरायला जागाच नसते. इथेही पिस्टनच्या दांड्याला फिरू न देणारी खाच असते, मग त्याला आट्यांवरून सरकण्यावाचून गत्यंतर नाही. हंगेरियन इंजिनिअर थिओडोर कोव्हाच याच्या पेटंटवर जर्मनीच्या पेलिकन कंपनीने १९२९ साली असा पेन बाजारात आणला. त्यातली हुशारी अशी की फिरकी स्वतः जेमतेम काही मिलिमीटर वर येते, आणि आतला पिस्टन मात्र त्याच्या कितीतरी पट सरकतो. फिरकीचे आटे आणि दांड्याचे आटे वेगवेगळ्या लीडचे ठेवले की हे जमतं. मशीन डिझाइनला स्क्रूची गणितं घोकताना हे उदाहरण कोणी दिलं असतं तर चॅप्टर मला आधीच आवडला असता.

आता मुद्द्याचं. पिस्टनच्या पुढे शाई आणि पिस्टनच्या मागे कोरडी हवा, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कुठलंही सरकणारं सील नळीची भिंत शंभर टक्के पुसून काढत नाही. काढूही नये. सील आणि भिंत यांच्यात द्रवाचा अतिशय पातळ थर राहतो म्हणून तर सील सरकतं, नाहीतर ते भिंतीला घासून झिजलं असतं. हायड्रॉलिक सिलिंडरचा दांडा बाहेर येतो तेव्हा त्यावर तेलाची झाक दिसते ना, तीच गोष्ट. पेन रिकामा करताना पिस्टन पुढे जातो, तेव्हा शाईने भिजलेली भिंत त्याच्या मागे उघडी पडते, आणि तिच्यावर हा थर असतो.

किती असेल तो? आपण इंजिनिअर, तेव्हा अंदाज बांधू. नळीचा आतला व्यास १० मिलिमीटर धरा, पिस्टनची चाल ३५ मिलिमीटर. भिंतीचं क्षेत्रफळ झालं सुमारे ११०० चौरस मिलिमीटर. थर फक्त एक मायक्रॉनचा मानला तरी १.१ घन मिलिमीटर, म्हणजे अंदाजे १.१ मिलिग्रॅम द्रव मागे राहिला. ऐकायला काहीच नाही. पण आता दुसरी बाजू बघा. मागच्या पोकळीत एक मिलिलिटर हवा आहे आणि ती ३० अंशांना वाफेने पूर्ण भरलेली आहे असं माना. अशा हवेत एका घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, १५ अंशांना फक्त १३ ग्रॅम. म्हणजे दुपारची हवा पहाटे थंड झाली तर आपल्या त्या एक मिलिलिटरमधून जेमतेम १७ मायक्रोग्रॅम पाणी बाहेर पडेल. त्याचा एकच थेंब केला तर त्याचा व्यास एक तृतीयांश मिलिमीटर. डोळे बारीक करून शोधावा लागेल!

म्हणजे "हवेतला दमट-पणा आत गेला आणि त्याचे थेंब झाले" हे जे सगळे सांगतात, त्याने हिशेब जुळत नाही. नुसती हवा फार तर काचेवर धुकं आणेल. चांगले टपोरे थेंब दिसतात म्हणजे पाण्याचा साठा आत असलाच पाहिजे, आणि तो साठा म्हणजे भिंतीवरचा थर. तो थर हवेतल्या वाफेपेक्षा साठपट भरतो. शिवाय दर वेळी पेन भरला की त्यात भर पडते.

मग थेंब बिनरंगी का? कारण वाफ होते ती पाण्याची, रंगाची नाही. दिवसा पेन खिशात किंवा हातात असतो, गरम असतो. थरातलं पाणी उडतं आणि रंग भिंतीवर पुसटसा चिकटून राहतो. रात्री पेन टेबलावर, नळीचं प्लास्टिक थंड, वाफ त्यावर धरते. केमिस्ट्री लॅबमधलं डिस्टिलेशन, फक्त बर्नर म्हणजे तुमचा खिसा आणि कंडेन्सर म्हणजे जालन्याची डिसेंबरातली पहाट. म्हणूनच हा प्रश्न मे महिन्यात मला कोणी विचारत नाही.

वाफेला अजून एक वाट आहे. रबरासारख्या वस्तूंमधून वाफ हळूहळू आरपार जाते. पाणी थांबतं, वाफ थांबत नाही. त्यातही सिलिकॉन रबर या बाबतीत फारच उदार. नायट्राइल रबर बरंच कंजूष. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

तिसरी वाट आपण स्वतः करून देतो. पेन नळाखाली धरून सगळीकडून धुतला की फिरकीच्या फटीतून पाणी मागे जातं आणि बसून राहतं. पेन धुवायचा तो निबच्या बाजूने, भांड्यातल्या पाण्यात निब बुडवून पिस्टन मागेपुढे करून. मागची बाजू कोरडी राहू द्या.

बिनरंगी थेंबांचं करायचं काय? काहीच नाही, हे माझं मत. पेन उघडण्याचा प्रत्येक प्रसंग म्हणजे आटे झिजवण्याचा आणि प्लास्टिकला चीर पाडण्याचा प्रसंग. एका परदेशी कंपनीच्या पेनासोबत छोटा पाना आणि ग्रीसची डबी येते, म्हणून लोकांना वाटतं की दर रविवारी खोलायलाच हवा. पाना मिळाला म्हणून रोज बाइकचं इंजिन खोलतो का आपण? फारच खटकत असेल तर शाई संपल्यावर पेन धुवा, पिस्टन मधोमध आणून ठेवा, टोपण काढून निब खाली करून ग्लासात जुन्या सुती कापडावर उभा करा. मार्चमध्ये आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की दोन-तीन दिवसांत काम होतं. ऑगस्टमध्ये नव्या बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या घेऊन डब्यात बंद करा. हेअर ड्रायर नको, उन्हात ठेवणं तर मुळीच नको.

रंगीत थेंब ही मात्र वेगळी केस. भिंतीवरची पुसट झाक चालेल, पण पिस्टनच्या मागे शाईचा थेंब वाहताना दिसला तर सील कुठेतरी हरलंय. याचा एक अनुभव सविस्तर सांगते, कारण माझं या विषयातलं बहुतेक शिक्षण त्यातच झालं.

माझे आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अंबड तालुक्यात आमची थोडी शेती आहे, विहीर आहे. १९७२ च्या दुष्काळापासून आजोबा एका वहीत पाऊस आणि विहिरीचं पाणी लिहितात. किती पाऊस पडला, पाणी किती परसावर आहे, बस्स, रोज दोन ओळी. आता अशा अकरा वह्या झाल्यात. त्यात २०१२ चा उन्हाळा आहे, तेव्हा विहिरीपुढे तीन महिने नुसती फुली आहे. आपला जालना जिल्हा १९८१ ला झाला, म्हणजे या वह्या जिल्ह्यापेक्षा जुन्या. हे सगळं एकाच पेनाने लिहिलेलं: तेव्हाच्या औरंगाबादहून आणलेला काळा पिस्टनचा पेन, नाव केव्हाच पुसून गेलेला.

आजोबांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याला संधिवात आहे. बॉलपेनच्या आत गोळी असते, ती कागदावर दाबून लोळवल्याशिवाय शाई उतरत नाही. शाईच्या पेनात निबच्या चिरेतून शाई केशाकर्षणाने आपणहून कागदाकडे येते. टेकवलं की झालं. तुम्हाआम्हाला हा फरक आरामाचा. आजोबांना तो लिहिता येणं आणि न येणं यातला. नवा पेन घेऊन द्यावा म्हटलं तर तेही सोपं नाही. पन्नास वर्षांत निबचं टोक त्यांच्या हाताच्या तिरपेपणाला झिजून जुळलंय. माझा पारदर्शक पेन त्यांनी चार ओळी लिहून परत केला. "चांगला आहे," म्हणाले, "पण हा माझं ऐकत नाही."

मागच्या उन्हाळ्यात त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि पेन शाईसकट दोन महिने कपाटात राहिला. परत आले तेव्हा शाई वाळून आत दगड झालेली, फिरकी हलेना. जून-जुलैच्या नोंदी वहीत नाहीत. आजीने लिहून द्यायची तयारी दाखवली, पण आजोबांना ते पटलं नाही. आजी मला म्हणाली, "एवढ्याशा पेनासाठी कामून जीव काढायलीस? त्यांना म्हणावं दुसरा घ्या." पण कोरी पानं तिलाही बघवत नव्हती, हे दिसत होतं.

एका दुकानदाराने सल्ला दिला की फिरकीला पक्कड लावा आणि झटका द्या. मी लावली नाही. फिरकीवर लावलेला जोर आट्यांतून जातो, आणि आटे प्लास्टिकचे. अडकलेला पिस्टन सुटायच्या आधी दांडा पिळवटतो किंवा नळीला उभी चीर जाते. गरम पाणीही नको. जुनी प्लास्टिकं उष्णतेने वाकडी होतात. स्पिरिट, सॅनिटायझर, पेट्रोल तर लांबच ठेवा. ताणात असलेल्या पारदर्शक प्लास्टिकला अल्कोहोल लागलं की बारीक चिरा पडतात, आणि त्या दुरुस्त होत नाहीत.

उपाय एकच, पाणी आणि वेळ. ग्लासात निबच्या वरपर्यंत येईल एवढं साधं गार पाणी, त्यात पेन उभा. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी पाणी निळंशार, दुसऱ्या दिवशी फिकट, तिसऱ्या दिवशी पुन्हा गडद झालं. तेव्हा मला कळलं की आता पाणी पिस्टनपर्यंत पोचलंय. चौथ्या दिवशी फिरकी पाव वळसा फिरली. मग तेवढीच पुढे, तेवढीच मागे, हळूहळू अर्धा, मग पूर्ण. आजोबा शेजारी खुर्चीवर बसून वर्तमानपत्र वाचल्यासारखं करत होते. पान मात्र उलटत नव्हते.

पण शाई भरल्यावर सकाळी मागच्या बाजूने निळा ओघळ. सील कडक होऊन आकसलं होतं. असले सुटे भाग मिळणं आता विसरा. सदर बाजाराकडे पूर्वी पेन दुरुस्त करणारे बसायचे असं आजोबा सांगतात. मी तरी कोणी पाहिला नाही. मात्र आपल्या जालन्यात दुसरं एक आहे. इथे लोखंडाच्या सळया बनवणाऱ्या रोलिंग मिल आहेत, मिल म्हणजे हायड्रॉलिक्स आलं, आणि हायड्रॉलिक्स आलं की तेलाचे सील आणि ओ-रिंग विकणारी दुकानं आलीच!

आजोबांच्या पेनात मागचं सगळं युनिट आट्यांवर बसवलेलं होतं, म्हणून ते फिरवून सुटं करता आलं. बऱ्याच पेनांत ते दाबून बसवलेलं असतं, ते उघडायच्या फंदात पडू नका. नळी व्हर्निअरने मोजली: आतला व्यास ९.३ मिलिमीटर. ठरवलं की पिस्टनचं डोकं नवं करायचं, डेलरिनच्या दांडीतून, लेथवर, आणि त्यावर एक ओ-रिंग बसवायची. १.५ मिलिमीटर जाडीची नायट्राइलची रिंग घेतली. सरकणाऱ्या सीलला रिंग साधारण १० ते २० टक्के दाबली गेली पाहिजे. कमी दाबली तर गळेल, जास्त दाबली तर आजोबांच्या अंगठ्याला फिरकी फिरणार नाही. इथे मी मुद्दाम खालच्या बाजूला राहिले. रिंगला १.३ मिलिमीटर जागा ठेवली, म्हणजे दाब १३ टक्के. खाचेचा व्यास झाला ९.३ वजा दोनदा १.३, म्हणजे ६.७. मित्र म्हणत होता दोन रिंगा टाक, डबल सेफ्टी. पण दोन रिंगा म्हणजे घर्षणही दुप्पट, आणि इथे मर्यादा गळतीची नव्हती, हाताच्या ताकदीची होती. दहाच्या नोटेत दुकानदाराने दोन रिंगा दिल्या, दुसरी अजून माझ्या कंपासपेटीत आहे.

नायट्राइल का, हे आता तुम्हाला कळलंच असेल. शाई पाण्याचीच असल्यामुळे त्याला काही होत नाही, आणि वाफेच्या बाबतीत ते कंजूष.

पेन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात चालू झाला. आजोबांनी पहिल्यांदा तारीख लिहिली, मग विहिरीचं पाणी, आणि मग मला विचारलं की लेथच्या सरांचे आभार मानलेस का.

आता पाण्याबद्दल. आपल्या जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास, जन्म १६०८. त्यांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, हे मला कॉन्व्हेंटमध्ये अर्थातच कोणी सांगितलं नव्हतं, आजोबांनी सांगितलं. बोरू कुठकुठले आणावेत, कसे तासावेत, अक्षर कसं काढावं, सगळं त्यात आहे. अध्यात्माच्या ग्रंथात लेखणी तासण्याची माहिती बघून मी चाटच पडले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये जो उद्योग सुरू केला, पुढचा कॅमलिन, त्याची सुरुवातही शाईची पूड आणि गोळ्यांपासूनच. लोक ती घरच्या पाण्यात कालवायचे. म्हणजे शाई कशी होणार हे बरंचसं गावातल्या पाण्यावर!

आणि आपल्या गावातलं पाणी म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. बोअरचं पाणी बसाल्टमधून येतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. गीझरची कॉइल काढून बघा किंवा बादलीच्या कडेचा पांढरा थर बघा. तेच पाणी निबखालच्या जिभेत गेलं तर? जीभ म्हणजे तो काळा खाचांचा तुकडा. त्यातल्या शाईच्या वाटा केसाएवढ्या बारीक असतात. धुऊन पेन वाळवला की पाणी उडतं, क्षार राहतात. एकदा-दोनदाने काही बिघडत नाही, पण वर्षभर दर आठवड्याला बोअरच्या पाण्याने धुतलेला पेन अडखळत लिहायला लागतो आणि आपण शाईला दोष देतो. पिस्टनच्या नळीत त्याच क्षारांचा खरखरीत थर सील खातो. उकळलेल्या पाण्यातही सगळे क्षार खाली बसत नाहीत. तेव्हा शेवटचं धुणं जारच्या पाण्याने करा, नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर आणा. एक बाटली वर्षभर पुरते. फक्त नवी, सीलबंद बाटली घ्या. बॅटरीतून काढलेलं पाणी म्हणजे ॲसिड. (हसू नका, एकाने विचारलं होतं.)

उन्हाळ्याची कथा उलटी. तेव्हा मागे थेंब नसतात, खिशावर डाग असतो. लोक म्हणतात पिस्टन गळतो. बहुतेक वेळा पिस्टनचा काहीच दोष नसतो. अर्धा रिकामा पेन घ्या, आत एक मिलिलिटर हवा. सकाळी २० अंश, दुपारी दुचाकीवरून आल्यावर ४० अंश. नुसत्या तापण्याने हवा ७ टक्के फुगते. पण शाईवरची हवा कोरडी नसते. २० अंशांना वाफेचा दाब २.३ किलोपास्कल, ४० ला ७.४. जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच, इथला हवेचा दाब साधारण ९५ किलोपास्कल. डाल्टनचा नियम लावून हिशेब केला की फुगवटा येतो १३ टक्के, जवळजवळ दुप्पट! म्हणजे ०.१३ मिलिलिटर शाई बाहेर ढकलली जाते, दोन-तीन थेंब. जिभेच्या खाचा काही शाई धरून ठेवतात, उरलेली टोपणात आणि तिथून शर्टावर. उपाय सोपा: उन्हाळ्यात पेन भरलेला ठेवा, हवा कमी तर फुगवटाही कमी. आणि खिशात निब वर करून ठेवा, म्हणजे शाईऐवजी हवाच बाहेर जाईल.

एप्रिल-मेमध्ये टोपण नीट बसत नसेल तर शाईतलं पाणी उडून ती दाट होते. लिखाण काळसर आणि जड वाटायला लागलं तर नवी शाई भरायच्या आधी निबमधून डिस्टिल्ड वॉटरचे एक-दोन थेंब ओढून घ्या, पेन हलवा. बऱ्याचदा तेवढ्याने शाई पातळ होऊन पुन्हा चालते.

फार जुन्या पेनांत, म्हणजे १९३० च्या दशकातल्या, पिस्टनला बूच असे, बाटलीला असतं ते. बूच कोरडं पडलं की आकसतं, म्हणून तसा पेन कोणाच्या घरी निघाला तर तो रिकामा, कोरडा ठेवून देऊ नका. त्याला ओलाच आवडतो. आताच्या सीलचं तसं नाही.

राहिलं ग्रीस. फिरकी कोरडी, करकरत फिरायला लागली की पिस्टनला वंगण हवं असं समजा. खोबरेल तेल नको, ते शाईत उतरतं आणि खवट होतं. शिलाई मशीनचं तेल नको, व्हॅसलिन नको. खनिज तेलाने काही रबरं फुगतात. लागतं ते साधं सिलिकॉन ग्रीस. आणि आपल्या लोकांसाठी खास इशारा: प्रोसेसरवर लावायची ती पांढरी पेस्टही 'सिलिकॉन' म्हणूनच मिळते, पण तिच्यात उष्णता वाहून नेणारी पावडर असते. ती नळीत गेली तर पॉलिश पेपरचं काम करेल. पेन न उघडताही ग्रीस लावता येतं, निब फिरवून निघत असेल तर. निब काढा, पिस्टन पूर्ण मागे घ्या, टूथपिकच्या टोकावर तिळाएवढं ग्रीस घेऊन पुढून नळीच्या भिंतीला दोन ठिकाणी टेकवा आणि पिस्टन आठ-दहा वेळा मागेपुढे करा. तिळाएवढं म्हणजे तिळाएवढंच. जास्तीचं ग्रीस जिभेवर गेलं की शाई तिला धरत नाही आणि लिहिताना खंड पडतो. आजोबांच्या पेनाला मी दिवाळीत लावते, एकदाच.

परीक्षा संपल्यावर सुट्टीला घरी जाताना पेन शाईसकट हॉस्टेलच्या लॉकरमध्ये टाकू नका. मे महिन्यात त्या पत्र्याच्या लॉकरमध्ये काय तापमान असतं ते तुम्हाला माहीत आहे. शाई दौतीत परत ओतू नका, फेकून द्या. जारच्या पाण्याने चार-पाच वेळा धुवा, एक दिवस वाळवा, पिस्टन मधोमध ठेवा आणि जा.